सरांच्या कानातला मॉडरेटर

दीड वर्ष आमच्या घरात एकही भांडण झालं नव्हतं, आणि त्यानंच मला वेड लागायची पाळी आली होती.

तुम्ही म्हणाल, ही काय तक्रार झाली. पण मी शैलजा आवटी, एसटीत हाडं झिजवलेली बाई. आधी कंडक्टर, मग मिरज स्टँडवर वाहतूक नियंत्रक. आता गाड्या आपल्या आपण चालतात आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते प्रवाशाच्या कानातच सांगतात, पण माझ्या वेळी माइक होता. मी माइकवरून "जत गाडी" म्हटलं की रसवंतीत बसलेला माणूस ग्लास टाकून पळत यायचा. मला हळू बोलायला कधी जमलं नाही आणि गरजही पडली नाही.

आमचे सर, म्हणजे माझे मिस्टर, हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. शाळेत म्हणे कधी पट्टीला हात लावला नाही. घरी मात्र आमटीत मीठ कमी पडलं तरी आवाज गल्लीच्या टोकाला. मीही काय कमी नव्हते. लग्न झाल्यापासून आम्ही रोज भांडलो आणि रोज समोरासमोर बसून जेवलो. शेजारच्या बाई म्हणायच्या, तुमचा आवाज आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

मग सरांचा धाकटा भाऊ गेला. अपघातात. त्याच्या ऑफिसातल्या कुणा शहाण्यानं सरांना फोन लावला आणि "अविनाश गेला, बॉडी कुठं पाठवू" असं एका दमात विचारलं. सर फोन हातात घेऊन तसेच खाली बसले. आम्ही धरलं हार्ट अटॅक. पण आमच्या डॉक्टर मगदूमांनी तपासून सांगितलं, रक्तवाहिन्या तर लख्ख आहेत, कुठंच काही अडकलेलं नाही. हे दुखणं वेगळं. एकदम मोठा धक्का बसला की अंगात अॅड्रेनॅलीनचा असा लोंढा येतो की हृदयाचा खालचा भाग दिपून जातो. आकुंचन पावायचं विसरतो आणि मडक्यासारखा फुगून बसतो. बहुतेक वेळा आठवड्याभरात जागेवर येतो.

"सरांचा आला," डॉक्टर म्हणाले. "पण पुन्हा असा धक्का बसला तर मी शब्द देणार नाही."

"म्हणजे ह्यांना वाईट काही सांगायचंच नाही?"

"सांगायचं. पण सोसेल तेवढंच." आणि त्यांनी टेबलावर एक डबी ठेवली. आत शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं. "हा मॉडरेटर."

सरांना अजून नीट बसवत नव्हतं, पण शब्द ऐकल्याबरोबर मास्तर जागा झाला. "डॉक्टर, नाव चुकलंय. मी बोर्डाच्या पेपरांना मॉडरेटर होतो. परीक्षकानं सढळ हातानं मार्क वाटले तर कमी करायचे, हात आखडला असेल तर वाढवायचे. तो तराजू सांभाळणारा माणूस. परिसंवादात मॉडरेटर असतो, तो सगळ्यांना बोलायला लावतो. आणि अणुभट्टीतला मॉडरेटर तर माझा लाडका. न्यूट्रॉन सुसाट पळत असतात, इतके की युरेनियमच्या अणूच्या शेजारून निघून जातात आणि काही घडत नाही. मॉडरेटर म्हणजे साधं पाणी असेल, ग्रॅफाइट असेल, ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं. वेग कमी झाला की न्यूट्रॉन अणूत घुसतो, अणू फुटतो, भट्टी चालते. पोरांना वाटतं मॉडरेटर भट्टी विझवतो. उलट आहे. मॉडरेटर काढा, भट्टी बंद. तुमचं हे यंत्र बोलणं बंद करणार. त्याला मॉडरेटर कसं म्हणता?"

"बंद नाही करत, सर. तुमच्या अणुभट्टीसारखंच, वेग कमी करतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. कॉलरच्या हाडाखाली एक तांदळाएवढी चिप बसवायची. ती काळजाचा ठोका मोजत राहते. पहिला महिना कानातलं यंत्र नुसतं ऐकतं, आणि कुठल्या शब्दानं, कुठल्या आवाजानं ह्या माणसाचं काळीज किती उसळतं ते शिकून घेतं. मग कामाला लागतं. समोरच्याचं वाक्य पकडायचं, त्याचं वजन करायचं, जड असेल तर त्याच आवाजात हलकं करून कानात सोडायचं. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. उरलेला जडपणा फेकून द्यायचा नाही. तसा कायदाच आहे, कुठलीही बातमी कायमची दडवायची नाही. तो साठवून ठेवायचा आणि पुढं तोच माणूस काही बोलत असला की त्याच्या बोलण्यात थोडा थोडा मिसळून द्यायचा. ह्या हप्त्याला काळीज शांत राहिलं तर पुढचा हप्ता मोठा. उसळलं तर पुढचा लहान.

"आणि कुणी कागदावर लिहून दिलं तर?" मी विचारलं.

"तर मग यंत्र कशाला, बाई? दगडानं डोकं फुटू नये म्हणून हेल्मेट घालायचं आणि स्वतःच ते काढून दगड मारायचा."

सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वेग कमी करतं म्हणता, तर चालेल." यंत्र कानात गेलं.

पहिले काही महिने मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. सरांनी छत्री तिसऱ्यांदा हरवली तेव्हा मी म्हटलं, "डोक्यात काय बटाटे भरलेत तुमच्या?" सर हसून म्हणाले, "हो गं, विसरलो खरा." त्यांच्या कानात काय गेलं देव जाणे. बहुतेक ‘विसरलात वाटतं’ असं काहीतरी. मी आवाज चढवला, ते शांत. मी ताट आपटलं, ते म्हणाले, दमलीस का. भांडण करायला दोन माणसं लागतात आणि आमच्यातलं एक माणूस उठून गेलं होतं.

वर तो मिसळायचा प्रकार. मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून "कोथिंबीर आणा" म्हणायची आणि मागून सर म्हणायचे, "अरे रे, मग पुढं काय झालं त्यांचं?" मी कोथिंबिरीबरोबर कुणाची बातमी सांगितली ते मलाच ठाऊक नसायचं. फोन काढून बघावं लागे. घरातल्या माणसाच्या फोनवर मॉडरेटरचं ॲप असतं, आणि प्रत्येक जड बातमीपुढं एक पट्टी असते, सरांना किती पोचली त्याची. मग कळायचं, आपण दोन महिन्यांपूर्वी सांगितलेलं आज पोचलं.

आमचा निनाद पुण्यात असतो. त्याची नोकरी गेली. त्यानं फोन करून बापाला सांगितलं, बापानं ऐकलं की ऑफिसात जरा ओढाताण चाललीय. पुढं निनादला दुसरी नोकरी लागली, पहिल्यापेक्षा बरी, त्यानं पेढे पाठवले, ते आम्ही खाल्लेही. आणि एके दिवशी पट्टी भरली. सरांनी लगेच फोन लावला. "बाळा, खचून जाऊ नकोस. मी आहे. घरी ये, काही कमी पडू देणार नाही." निनाद हसत सुटला. मलाही हसू आलं, पण फार टिकलं नाही. सर मनापासून कळवळून बोलत होते हो. फक्त ज्याच्यासाठी कळवळत होते त्याचं दुःख केव्हाच संपलं होतं.

तेव्हापासून मला घरात बसवेना. एकाच घरात दोघं राहायचो, पण मी आजच्या दिवसात आणि ते कुठंतरी मागं. उठून खिडक्या पुसायच्या, परत बसायचं, परत उठायचं. भरल्या घरात एकटीनं गाडीची वाट बघत बसल्यासारखं वाटायचं.

आणि मग मला गाठ लागली.

अंघोळ करताना हाताला लागली, डाव्या छातीत. चार दिवस मी तिला हातच लावला नाही, म्हणजे जाईल. मग तपासणी, सुई, परत तपासणी. डॉक्टर सबनीस म्हणून बाई आहेत, तरुण, पण बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "कॅन्सर आहे. दुसरी पायरी. छाती काढावी लागेल, मग औषधं. ह्यातून पुष्कळ बायका नीट बाहेर येतात, तुम्हीही याल असं मला वाटतं. पण वेळ घालवायचा नाही." ऑपरेशन दसऱ्याच्या आधीचा सोमवार ठरला.

घरी येताना रिक्षात मला एकच गोष्ट हवी होती. सरांना सांगायचं आणि त्यांनी हादरायचं. मला धरायचं, नाहीतर माझ्यावर ओरडायचं की इतके दिवस काय झोपली होतीस. दोन्हीतलं काहीही चाललं असतं.

जेवायला बसलो. मी म्हटलं, "अहो, मला कॅन्सर झालाय. छातीत. ऑपरेशन करायचंय."

सरांचा घास हातात राहिला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "असं का. बरं. औषध वेळच्या वेळी घे हं." आणि भाजीचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

मी ताटावरून उठले, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. नळाची काही गरज नव्हती खरं म्हणजे. माझं रडणंसुद्धा यंत्रानं सर्दी म्हणून पोचवलं असतं.

निनादला फोन केला. तो बिचारा रडला, लगेच रजा टाकतो म्हणाला. मग म्हणाला, "बाबांना सांगितलंस ना? मग झालं. आता यंत्र बघून घेईल. तू त्यांचा ताण घेऊ नकोस." मला त्याचा इतका राग आला की फोन ठेवून दिला. माझं आजारपण सांगून टाकल्याच्या यादीत गेलं होतं.

पट्टी बघितली. ‘शैलजा, प्रकृती’ आणि पुढं बारा टक्के. डॉक्टर मगदूमांना विचारलं, ही शंभर कधी होणार. त्यांनी आलेख बघितला आणि सांगितलं, ह्या गतीनं दिवाळी होऊन जाईल. ऑपरेशन दसऱ्याआधी आणि नवऱ्याला कळणार दिवाळीनंतर. मी म्हटलं, "डॉक्टर, मी टेबलावर गेले आणि परत आलेच नाही तर हे कुणाला अग्नी देणार? सर्दी झालेल्या बायकोला?" डॉक्टरांनी आलेख बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही यंत्र काढून आत्ता सगळं सांगू शकता. कायद्यानं मी अडवू शकत नाही. पण त्यांना काही झालं तर तुम्हाला ते घेऊन ऑपरेशनला जावं लागेल."

हे ऐकल्यावर माझी हिंमत गेली. सांगितलं तर हे जातील, नाही सांगितलं तर मी एकटी जाईन. दिवसातून किती वेळा ती पट्टी बघितली असेल. बारा. परत बारा. एकदा तर बाराची अकरा झाली. तपासण्यांना एकटी जायची, येऊन कणीक मळायची, कणीक मळता मळता हात थांबायचे.

सरांचं वागणंही काहीतरीच झालं होतं. जन्मात स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही तो माणूस सकाळी येऊन उभा राहायचा. भाकरी थापायला शिकव म्हणाले. गॅसचा नंबर कुठं लावायचा, लाईट बिल कसं भरायचं, लोणच्याची बरणी कुठली जुनी, सगळं विचारून घेतलं. रोज संध्याकाळी मित्रांकडं बुद्धिबळाला जायचे, ते बंद केलं. स्टँडच्या कोपऱ्यावरनं गजरा आणला. मला गजरा. मी म्हटलं, "हे काय नवीन खूळ?" त्यावर म्हणाले, "तुला गोव्याचा समुद्र बघायचा होता ना एकदा? जाऊन येऊ. लगेच जाऊ." एकीकडं माझ्या दंडात सुया टोचून काळेनिळे डाग पडलेले आणि ह्यांना समुद्र सुचतोय. मी ओरडले, "समुद्रात नेऊन बुडवा मला." ते म्हणाले, "बरं, तुला वाटेल तेव्हा."

त्या सौम्यपणानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्या वर्षांचा माझा नवरा कुणीतरी पळवून नेला होता आणि जागी एक गरीब पाहुणा आणून ठेवला होता.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. बघते तर माझी थोरली बहीण, अथणीची अक्का. पिशवीसकट. आता हे समजून घ्या की अक्का आणि सर यांचं आमच्या लग्नापासून पटलेलं नाही. अक्का येणार म्हटलं की सर शाळेचं काम काढायचे, रिटायर झाल्यावरही काढायचे. आणि अक्कानं उंबऱ्यातच मला मिठी मारली आणि हंबरडा फोडला.

"अगं, काय झालं गं हे शैला. मला कुणी सांगितलं नाही गं."

"अक्का, कोण बोललं तुला? निनाद?"

"मास्तरांचा फोन आला. म्हणाले, भांडण विसरा आणि शैलाला बघून जा. आता थोडेच दिवस आहेत." डोळे पुसत पुसत ती म्हणाली, "त्यांना कळलंय हे तुला माहीत नाही असं म्हणाले ते. तुझ्यापुढं बोलू नका म्हणाले. आणि मी मेली बोलून बसले."

बारा टक्के कळलेला माणूस, त्याला माझे थोडे दिवस कुठून दिसले?

सर मागच्या अंगणात निरगुडीच्या सावलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी जाऊन उभी राहिले. "अक्काला का बोलावलंत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आत अक्काचं रडणं ऐकू येत होतं ते ऐकलं. म्हणजे त्यांच्या कानात किती आलं कुणास ठाऊक. पण कळलं त्यांना. वर्तमानपत्राची घडी केली. मग हात वर नेला, कानातलं ते शेंगदाण्याएवढं यंत्र काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मी हात धरायला धावले, तोवर काढून झालं होतं.

"घाला ते. घाला आधी," मी ओरडले.

"किती दिवसांनी ऐकला हा आवाज," सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "शैला, मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, तपासणीत थोडंसं काहीतरी निघालंय, काळजीचं कारण नाही. अगं, तू म्हणालीस, तू. आयुष्यात कधी मला म्हणाली होतीस काळजीचं कारण नाही? आणि आपल्याकडं हे कधी म्हणतात? माझे वडील गेले तेव्हा मामा होस्टेलवर न्यायला आले. म्हणाले, जरा बरं नाही, काळजीचं कारण नाही, पण चल. घरी पोचलो तर दारात तिरडी बांधत होते. तुझी आई गेली तेव्हा तुला डेपोत काय सांगितलं? थोडं सीरियस आहे. आपल्यात थोडं म्हणजे संपलं, आणि काळजी नको म्हणजे रडायची तयारी ठेव. हे यंत्राला कोण सांगणार? ते ज्यांनी बनवलं त्यांना वाटलं, माणूस ऐकतो तेवढंच ऐकतो."

मी मागच्या दाराच्या पायरीवर बसले. "म्हणजे तुम्हाला वाटलं, मी मरणार."

"वाटलं म्हणजे? खात्री होती. छातीत अशी कळ आली त्या रात्री की म्हटलं गेलो. मग म्हटलं, आपण गेलो तर हिचं कोण करणार. तेव्हा उशी पोटाशी धरून बसून राहिलो सकाळपर्यंत."

त्यांनी माझा फोन मागितला. पट्टीवर बोट ठेवून मागचे आलेख काढले, आणि ह्या सगळ्यात त्यांच्यातला मास्तर परत उभा राहिला. "हे बघ. त्यानं मला थोडं सांगितलं. मी थोड्यावरून सगळंच समजून घेतलं आणि घाबरलो. काळीज उसळलं. यंत्राला वाटलं, एवढ्याशानं ह्याची ही गत, तर हात आणखी आखडू. मग आणखी कमी सांगितलं, आधी सांगितलेलंही पुसट करून मागं घेतलं. मी म्हटलं, अरे बापरे, आता तर काहीच सांगेनात. आणखी घाबरलो. म्हणून तुझी बाराची अकरा झाली. ते मला वाचवायला जात होतं आणि मी त्याच्या प्रत्येक वाचवण्यानं मरत होतो."

"मग काढायचं होतं ना कानातलं. मला विचारायचं होतं."

सर खाली बघत म्हणाले, "भीती वाटली गं. काढलं आणि तू खरंच सांगितलंस तर?"

मग मी सांगितलं. त्यांच्यासमोर बसून, त्यांचा हात माझ्या हातात घट्ट धरून, नाडीवर बोट ठेवून. कॅन्सर आहे. दुसरी पायरी आहे. सोमवारी ऑपरेशन आहे, डावी छाती काढणार. पुढं औषधं, केस जातील, उलट्या होतील. सबनीसबाई म्हणतात मी वाचेन. खात्री कुणी देत नाही. त्यांची नाडी माझ्या बोटाखाली धाडधाड उडत होती, मी प्रत्येक वाक्याला थांबत होते आणि ते "पुढं" म्हणत होते.

संपलं. सरांचा चेहरा पांढरा पडलेला. मी अक्काला हाक मारणार तेवढ्यात ते म्हणाले, "म्हणजे तू मरणार नाहीस?"

"आत्ता तरी तसा बेत नाही."

"आणि मी इतके दिवस भाकऱ्या थापतोय." आवाज चढायला लागला. "रोज सकाळी उठून तुझ्याकडं बघायचो, श्वास चालू आहे का. तुझ्या साड्यांचं कपाट उघडून बसायचो. त्या तुझ्या बहिणीला स्वतःहून फोन केला मी, अक्काला, आणि तू दुसऱ्या पायरीवर आहेस?"

माझंही डोकं सटकलं. "तुम्ही मला पोचवून मोकळे झालात की. एकदा वाटलं नाही, ही लढेल म्हणून? गजरे आणले. जिवंत बाईला गजरे वाहिले."

"एकटी तपासण्यांना गेलीस. एकटी. मी काय मेलो होतो?"

"मेलाच होतात. दीड वर्ष मेला होतात तुम्ही, आणि मी तुमच्या जागी त्या शेंगदाण्याशी संसार करत होते."

अक्का दारात येऊन उभी होती. शेजारच्या बाई गच्चीवर आल्या. आम्ही दोघंही रडत होतो आणि ओरडत होतो, आणि कोण काय म्हणतंय ते दोघांनाही पुरतं ऐकू येत होतं. मला आठवत नाही कधी इतकं बरं वाटलं होतं ते.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात. निनाद आदल्या दिवशीच आला होता. डॉक्टर मगदूम मुद्दाम भेटायला आले आणि त्यांनी आम्ही परत दिलेली यंत्राची डबी सरांच्या हाताशी धरली. "सर, निदान आज घाला. ऑपरेशन थिएटरबाहेर बसणं चांगल्या धडधाकट माणसाला झेपत नाही."

"न घालण्यात धोका किती?"

"खरं सांगू? आहे. नक्की किती, मला माहीत नाही."

"बघा, मला हे समजलं आणि मी बसलोय की तुमच्यासमोर," सर म्हणाले. "डबी राहू दे तुमच्याकडं. उद्या लागली तर मागून घेईन. आज ही जे बोलेल ते मला हिच्या तोंडून पाहिजे." डॉक्टरांनी सिस्टरना सांगून त्यांच्यासाठी एक खाट मोकळी ठेवायला लावली. मला ते बघून धडकी भरली, पण मी त्यांना घाला म्हटलं नाही. तेवढा त्यांचा हक्क होता.

मला हिरवा गाउन घालून ठेवला होता. मंगळसूत्र काढून निनादच्या हातात दिलं होतं. सर कॉटशेजारी स्टुलावर बसले. म्हणाले, "भीती वाटते?"

सगळा जन्म मी लोकांना मोठ्यानं सांगत आले, गाडी आली, गाडी गेली, गाडी रद्द. हे एवढं मात्र कधी तोंडातून निघालं नव्हतं. तोंडावर आलं होतं, छे हो, कसली भीती. ते मी गिळलं.

"वाटते," मी म्हटलं. "मरायची वाटते."

सरांचा चेहरा उतरला. ते ‘काही होत नाही’ म्हणाले नाहीत, ‘देव आहे’ म्हणाले नाहीत. म्हणाले, "अजून?"

"छाती जाणार त्याची वाटते. तुम्ही नंतर माझ्याकडं कसं बघाल त्याची वाटते."

"अजून?"

"तुम्ही इथं बाहेर बसणार आणि तुम्हाला काही होईल, आणि मी शुद्धीवर येऊन तुम्हाला शोधेन. त्याची सगळ्यात जास्त."

त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. निनाद पुढं झाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. दोन-चार श्वास घेतले आणि डोळे उघडून परत माझ्याकडं बघितलं. "ऐकलं," म्हणाले. "अजून?"

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. मला त्याच्यावर घेतलं, पट्टे लावले. दारापर्यंत सर हात धरून चालले. पुढं त्यांना येऊ देत नव्हते.

"अजून पुष्कळ आहे," मी म्हटलं.

"मग परत ये," सर म्हणाले, "आणि सांग."